केळीचं पान कापलंस त्याच्या आधी

आई, केळीच्या पानानं काही झालं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर माझी सवय तुला माहीत आहे, मी मागचं पुढचं इतकं सांगत बसते की मुख्य गोष्ट राहूनच जाते. माझा डावा जबडा लहान राहिला तो तू ग्रहणात पान कापलंस म्हणून नाही. हे मी तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही. मी आता हेच शिकते. पक्ष्याच्या गर्भात डोक्याचे आणि जबड्याचे स्नायू कसे तयार होतात, यावर माझं काम चाललं आहे, इंदूरला. तू असतीस तर पहिलं हेच विचारलं असतंस, की एवढ्या मोठ्या अभ्यासात माझ्या पोरीच्या वाट्याला हेच यावं का. वाट्याला आलं नाही, आई. मी मागून घेतलं.

होळीसाठी घरी आले आहे. घर म्हणजे आता बुऱ्हाणपूरच्या लालबागचं. कागदाच्या कारखान्याचं क्वार्टर बाबा निवृत्त झाले तेव्हाच सुटलं. पुढच्या खोलीत आत्याची खाट आहे, तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, पण आवाज तोच. दादाचं लग्न झालं, वहिनी शाहपूरची, केळीच्या बागा असलेल्या घरातली, आणि तिला सहावा महिना चालू आहे. ती मला दीदी म्हणते. दुपारी सगळे आडवे झाले की स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद ठेवून मी उभ्यानंच हे लिहिते. तू शिकवायचीस तेव्हा मी जमिनीवर बसलेली असायचे आणि तू अशीच ओट्याशी उभी, माझ्याकडे पाठ करून, पण माझा र चुकला की तुला पाठीनंच कळायचं.

पानाची गोष्ट मी आत्याकडून ऐकली, मग दादाकडून, आणि तुझ्याकडून कधीच नाही. दिव्यांची अवस होती. तू सकाळी समया चिंचेनं घासून उन्हाविनाच वाळत ठेवल्या होत्या, कारण आभाळ भरून आलेलं. संध्याकाळी सूर्यग्रहण होतं. मी तुझ्या पोटात होते म्हणून आत्यानं तुला दुपारपासूनच भिंतीशी बसवलं, पाय सरळ, हात मोकळे, काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, दुमडायचं नाही. बाबा दुसऱ्या पाळीला गेलेले. सूर्य तर दिसतच नव्हता. अंधार झाला तो ग्रहणाचा की संध्याकाळचा, हे कुणाला कळेना. तुला वाटलं सुटलं. तू उठलीस, अंघोळ केलीस, कणकेचे दिवे मांडायला पान हवं म्हणून क्वार्टरच्या मागच्या केळीचं पान आणलंस आणि विळीवर धरून उभं कापलंस. शिरेला धरून नीट कापता आलं नाही, एक भाग मोठा झाला आणि एक लहान. तेवढ्यात आत्या ओल्या केसांनी मोरीतून बाहेर आली आणि ओरडली, “अगं बाई, सुटलं नाही अजून! रेडिओ ऐकला का?” तू विळी तशीच आडवी केलीस. थंडीत मी जन्मले. दाईनं मला पुसून आत्याच्या हातात दिलं तर आत्या म्हणाली, “पान पाहिलं होतं ना मी. तसंच कापलं गेलं.” तिनं ते एकदाच म्हटलं असेल. पण आपलं क्वार्टर दोन खोल्यांचं, बोललेलं कुठं जाणार?

कॉलनीच्या शाळेत मी थोडेच दिवस गेले. मुलं टेढी म्हणायची, त्याचं मला फारसं वाटायचं नाही, कारण टेढी तर मी होतेच. बाईंना माझं बोलणं कळायचं नाही आणि त्या मला दुसऱ्यांदा विचारायच्या नाहीत, त्याचं वाटायचं. तू एक दिवस मधल्या सुट्टीत आलीस, फाटकाबाहेरून बराच वेळ बघत राहिलीस आणि मला घेऊन घरी आलीस. मग पुढची काही वर्षं तूच माझी शाळा. सकाळचा भोंगा झाला की पाटी, दुपारचा झाला की जेवण. पाटी म्हणजे तरी काय, बाबा कारखान्यातून आणायचे ते कागदाचे कापलेले काठ, वर्तमानपत्राचा करडा, मऊ कागद. त्यावर शाईचा पेन टेकवला की अक्षर फुगायचं. तू म्हणायचीस, “हलका हात ठेव. कागदाला दुखतं असं समज.” मी ते खरंच समजले आणि अजून तसंच समजते. माझे प्रयोगशाळेतले लोक हसतात, की ही पेन असा धरते जणू कागद ओरडेल.

आणि चावायची शाळा. ती तू कुठून शिकलीस कोण जाणे. मूठभर फुटाणे समोर ठेवायचीस आणि माझ्या दोन्ही गालांवर, जबड्याच्या कोपऱ्यावर, तुझी बोटं. “दात आवळ. इथं दगड लागला पाहिजे.” उजवीकडे लागायचा. डावीकडे तुझं बोट नुसतं दाबून बसायचं, एखाद्या खोलीत कुणी आहे का म्हणून दार ढकलून बघावं तसं. “आवळ ना.” “आवळलं, आई.” “अजून आवळ.” एकदा कंटाळून मी डाव्या गालातले फुटाणे पिठाच्या डब्यामागे थुंकून ठेवत गेले. झाडताना तुला ते सापडले, मुंग्या लागलेले. तू मारलं नाहीस. झाडू हातात धरून म्हणालीस, “तोंड तुझं आहे. मी किती दिवस चावून देऊ?” त्यानंतर मी एकही फुटाणा थुंकला नाही. तो स्नायू मोठा झाला नाही, ते मला आता कळतं की होणारही नव्हता, पण उजवा इतका तयार झाला की मी आज सगळ्यांसारखी भाकरी खाते, थोडी हळू. शाहपूरच्या बाजारातून तू मला तळहाताएवढा आरसा आणून दिला होतास, गुलाबी काठाचा. मी त्यात फक्त डावी बाजू बघत बसायचे. तू म्हणालीस, “दोन्ही बघ. एकच बघत बसायला आरसा नाही दिला.”

भेंडीचंही आठवतं. प्रत्येक अवसेला तू भेंडी हातानं मोडायचीस. गवार तर सगळेच मोडतात, पण तू भेंडी, काकडी, दुधीसुद्धा गुडघ्यावर आपटून मोडायचीस. मी विचारलं तर म्हणालीस, “मोडलेल्याला चव जास्त असते.” मी पुष्कळ मोठी होईपर्यंत मला वाटायचं सगळ्या घरांत अवसेला असंच असतं. वसतिगृहात एकदा एका मैत्रिणीला हे सांगितलं, ती खूप हसली, आणि सांगता सांगताच मला कळलं की आपल्याकडे विळी त्या दिवशी का बंद असायची.

तू आरसा दिलास तेव्हा म्हणालीस ते वाक्य माझ्या रोजच्या कामात आहे, आई, तुला ऐकून आश्चर्य वाटेल. आम्ही हॅचरीतून फलित अंडी आणतो. ती यंत्रात आडवी ठेवून उबवायची. दुसऱ्या दिवशी सुईनं थोडा पांढरा बलक काढला की गर्भ कवचापासून जरा खाली बसतो, मग वरून चिकटपट्टी लावून बारीक कात्रीनं कवचाला खिडकी कापायची. आत पिवळ्या बलकावर भाताच्या शिताएवढा गर्भ असतो. त्याच्या पाठीच्या दोन्ही बाजूंना मण्यांसारखे ठोकळे ओळीनं उमटत असतात, धडाचे सगळे स्नायू त्यांच्यातून येतात. डोक्यात तसे मणी नसतात. तिथले स्नायू ज्या पेशींतून व्हायचे त्या मोकळ्याच पसरलेल्या असतात, आणि आपण कुणाचा गाल होणार, कुठल्या हाडाला धरणार, हे त्यांचं त्यांना ठरवता येत नाही. मेंदूची नळी मिटत असते तेव्हा तिच्या काठावरून दुसऱ्याच काही पेशी सुटतात आणि चेहऱ्याकडे चालत येतात. त्यांच्यातून जबड्याची हाडं होतात, स्नायूला बांधून धरणारे तंतू होतात, आणि स्नायूनं कुठं वेगळं व्हायचं, कुठं जाऊन चिकटायचं, ते त्याच ठरवतात. बदकाच्या गर्भात कोणी बटेराच्या, म्हणजे लावा पक्ष्याच्या, अशा पेशी नेऊन ठेवल्या, तर बदकाला बटेराची चोच आली, आणि चोच हलवणारे बदकाचे स्नायूसुद्धा बटेराच्या रीतीनं जोडले गेले. त्या पेशी पोचल्याच नाहीत तर स्नायू होतो, पण त्याला आकार येत नाही, नुसता गोळा होऊन राहतो.

माझं काम असं, की त्या पेशी एका बाजूच्या काढून घ्यायच्या आणि दुसरी बाजू तशीच ठेवायची, तुलना करायला. मग अंडं बंद करून आठवडाभर उबवायचं आणि बघायचं. पहिल्यांदा असा गर्भ रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा उजवीकडे चावायचा स्नायू पंख्यासारखा नीट पसरलेला होता, आणि डावीकडे तुझं बोट दाबून बसायचं तीच जागा होती. मी उठून हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले. आमच्या सरांनी बाहेरून विचारलं, “काही सांडलं का?” मी नाही म्हणाले. असल्या चेहऱ्याची मुलगी असले चेहरे करते, हे त्यांना कधी सुचलं नसेल. मला रोज सुचतं. त्या वयाच्या गर्भाला काही जाणवत नाही हे मी वाचलं आहे, पुन्हा पुन्हा वाचलं आहे, तरी खिडकीवर पट्टी चिकटवताना मनातल्या मनात माफी मागते, आणि मग अशी माफी मागणं खोटेपणाचं तर नाही ना, या विचारात पुढचं अंडं उचलते.

पण सगळ्यात मला छळतात ती अंडी ज्यांत काहीच होत नाही. मी पेशी काढते, आणि शेजारच्या पेशी सरकून येतात, खड्डा भरून काढतात, आठवड्यानं बघावं तर दोन्ही बाजू सारख्या. शेजारच्याच अंड्यात, त्याच हातानं, त्याच सुईनं केलेल्यात, काही भरत नाही. का, ते मला सांगता येत नाही. म्हणून तुलाही मी एवढंच सांगू शकते. माणसाच्या गर्भात हे सगळं पहिल्या दोन महिन्यांत होऊन जातं, बाईला नीट कळायच्या आतच सुरू झालेलं असतं. तू पान कापलंस तेव्हा माझा जबडा झालेला होता, जसा व्हायचा तसा. त्याच्या आधी काय झालं, कुठल्या पेशी निघाल्या आणि कुठं राहिल्या, शेजारच्यांनी का भरून काढलं नाही, ते माहीत नाही. “कुणाचीच चूक नव्हती” असं लिहायला हात पुढे गेला होता, पण मला तेवढं ठाऊक नाही, आणि तुला मी न तपासलेलं सांगणार नाही. पानाचं नव्हतं. एवढं तपासलेलं आहे.

तपासायला बाबांनाच विचारावं लागलं. परवा ओसरीवर ते पेपर वाचत होते. मी म्हणाले, “बाबा, त्या ग्रहणाला आईला कितवा चालू होता?”

“कोणतं ग्रहण?” म्हणाले, आणि लगेच त्यांना कळलं. “पाचवा सरत आला होता. पोट दिसायला लागलं होतं. का गं?”

मी सांगितलं, आत्ता तुला सांगितलं तसंच. त्यांनी पेपरची घडी घातली, मग पुन्हा उघडली.

“पक्कं?”

“पक्कं, बाबा.”

“तिनं विचारलं होतं,” बाबा म्हणाले. “तू झाल्यावर. कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टरला विचारलं तिनं, की पान कापल्यानं होतं का असं. मी होतो ना बाजूला उभा. तो हसला. चांगला माणूस होता, पण हसला. म्हणे, बाई, घरी जा, पोरीला दूध पाजा. मग कधी कोणालाच विचारलं नाही तिनं.”

त्याला एवढं सांगायला काय झालं होतं, आई? दोन वाक्यं होती. पाचव्या महिन्यात हाडं झालेली असतात, बाई, तुमच्या विळीनं काही झालं नाही. तू ती दोन वाक्यं बरोबर घेऊन गेली असतीस. त्याच्याऐवजी तू बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात, बोलताना दम लागत होता तरी, माझ्या गालावर ते नेहमीचं बोट ठेवून म्हणालीस, “माझ्या हातानं झालं गं.” मी शाळकरी मुलगी. मला वाटलं तू दात आवळायला सांगते आहेस. मी आवळले.

आत्यालाही सांगितलं. तिला सांगायची गरज नव्हती, दादा तर म्हणाला की म्हातारीला कशाला, पण तुझ्यावरचा आळ तिनं ठेवला होता, तो तिच्याकडूनच उतरावा असं मला वाटलं. मी खाटेशी बसून म्हणाले, “आत्या, आईच्या हातून काही झालं नव्हतं.”

“तुले कोन सांगे?”

“मी बघितलं. अंड्यांत.”

“अंड्यात!” आत्या उठूनच बसली. “अवं, कोंबडीले गऱ्हान लागतं का? कोंबडी इळीवर बसते का? चांगली अक्कल शिकून आली इंदूरले जाऊन!”

दादा हसला, वहिनी तोंडाला ओढणी लावून हसली, आणि मलाही हसू आलं, खरंच आलं. थोड्या वेळानं सगळे उठून गेल्यावर आत्यानं माझा हात चाचपडून धरला. “मी बोलली तिले, ते बोलली,” ती म्हणाली. “पोरीचं तोंड पाह्यलं अन् बोलली. कोनाले तरी बोलाचं होतं ना.” मग कूस बदलली. तुझ्यासाठी यापेक्षा जास्त काही मला तिच्याकडून आणता आलं नाही.

आणि काल ग्रहण होतं. चंद्राचं. चंद्र उगवला तोच ग्रहण घेऊन, आणि थोड्या वेळात सुटणार होता, पण वेध सकाळपासून. वहिनीला आत्यानं खुर्चीत सरळ बसवून ठेवलं होतं, पोटावर गेरूचा टिळा, खाण्यापिण्यावर तुळशीची पानं. वहिनीच्या सोनोग्राफीत सगळं ठीक आहे. मी तो रिपोर्ट इतक्या वेळा बघितला आहे की ती आता मी विचारायच्या आधीच आणून देते आणि म्हणते, “घ्या दीदी, बघून घ्या, नाहीतर तुम्हाला झोप नाही यायची.” संध्याकाळी आत्याला बसल्या बसल्या डोळा लागला, माळ हातात तशीच. बाबा आणि दादा बाहेर गेलेले. वहिनी हळूच स्वयंपाकघरात आली.

“दीदी, भूक लागली हो. बाळ पण आत उड्या मारतंय. एक काकडी कापून खाऊ का?”

मी म्हणाले, “खा ना.”

ती थांबली. चाकू तिनं हातात घेतला होता, पण काकडीवर टेकवला नव्हता. “सच सांगा, दीदी. तुम्ही तर हेच शिकता. कापल्यानं काही होतं का?” आणि मग माझ्या तोंडाकडे न बघता, “मला माहीत आहे नाही होत. फक्त तुम्ही एकदा बोला. नंतर मग मला कोणी काही म्हणू नये.”

मी हसले नाही, आई. तेवढं मी केलं. तुला जी दोन वाक्यं मिळायला हवी होती तीच मी तिला सांगितली, हळू, नीट, जसा तू मला र शिकवायचीस तशी. बाळाचा चेहरा कधीच झालेला आहे. तो तुझ्या चाकूनं बदलत नाही. तिच्या खांद्यांवरचं काहीतरी खाली उतरलेलं मला दिसलं. ती म्हणाली, “बस. एवढंच पाहिजे होतं,” आणि चाकू काकडीवर ठेवला.

मी तो तिच्या हातातून काढून घेतला.

“थांब, मी देते कापून,” असं म्हणाले. मला कापायला काय हरकत होती? माझ्या पोटात कुणी नाही. पण ती समोर उभी होती, एक हात पोटावर, खिडकीतून ती मळकट तांबूस संध्याकाळ येत होती, आणि मला कापता येईना. मी रोज कात्री चालवते, खिडक्या कापते, मला कापता येईना. मी चाकू वरच्या फळीवर डब्यांच्या मागे ठेवला आणि काकडी दोन हातांनी मोडली. ती वाकडी मोडली, एक तुकडा मोठा, एक लहान. मोठा वहिनीला दिला.

“काकडी तोडून कोण देतं, दीदी?” ती हसत म्हणाली, तोंड भरलेलं.

“मोडलेल्याला चव जास्त असते,” मी म्हणाले.

रात्रभर मी स्वतःला सांगत होते की हे मी तिच्यासाठी केलं. उद्या काही कमीजास्त झालं तर तिला कुणी म्हणू नये, तू कापलं होतंस, म्हणून. ते पटण्यासारखं कारण आहे, आणि हे पत्र तिथंच संपवलं असतं तर बरं दिसलं असतं. पण वर मी तुला म्हणाले की तुला न तपासलेलं सांगणार नाही. म्हणून हेही तपासलं. आत्या झोपली होती, आई. बाबा नव्हते, दादा नव्हता. स्वयंपाकघरात बघणारं कुणी नव्हतं.